अमेरिकेतल्या वसाहती कराच्या भांडणातून स्वातंत्र्यापर्यंत कशा पोहोचल्या?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं कारण म्हणून पुस्तकात कर, चहा आणि बॉस्टन एवढंच दिलेलं असतं. पण तो कर तर अगदी किरकोळ होता. एवढ्याशा करासाठी लोक राजाविरुद्ध बंदुका घेऊन उभे राहिले हे पटत नाही. नेमकं काय झालं?"

शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं महाविद्यालयात आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गात आधुनिक जगाचा इतिहास शिकवतो आहे. 'करांमुळे क्रांती झाली' हे वाक्य उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा वाचलंय, की ही शंका कोणी बोलून दाखवली की मला मनापासून आनंद होतो.

कराचं ओझं फारसं नव्हतंच. तो बसवण्याचा अधिकार कोणाचा, यावरून वाद पेटला हे पुस्तकं सांगतात आणि ते खरंही आहे. पण नुसत्या हक्काच्या वादातून पत्रकं निघतात, अर्ज-विनंत्या होतात. राज्य उलथत नाही. माझ्या मते निर्णायक ठरली ती कराला विरोध करताना वसाहतींनी उभी केलेली यंत्रणा: गावसभा, बहिष्काराचे करार, पत्रव्यवहार समित्या, देखरेख समित्या. हे जाळं दहा वर्षांत एवढं पसरलं की १७७५ साली पहिली गोळी सुटली तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टन शहराबाहेर राजाची सत्ता जवळजवळ उरलीच नव्हती.

सुरुवात १७६३ पासून करावी लागते. त्या वर्षी सात वर्षांचं युद्ध संपलं, फ्रान्स हरला, आणि कॅनडापासून मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख ब्रिटनकडे आला. प्लासी आणि वांदिवाशच्या लढाया याच युद्धाच्या काळातल्या, त्यामुळे त्याची भारतातली बाजू आपल्याला ठाऊक असते. विजय मोठा होता, पण ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. शांततेच्या काळातल्या वार्षिक खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग नुसत्या व्याजात जाऊ लागला. त्यात नव्या मुलखाच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायमचे ठेवायचं ठरलं. हा पैसा आणायचा कुठून? इंग्लंडमधले जमीनदार आधीच करांनी वैतागलेले होते. १७६३ मध्ये सफरचंदाच्या सायडरवर कर बसवला, तर इंग्लंडच्याच सायडर पिकवणाऱ्या परगण्यांत दंगे झाले. अमेरिकेतला माणूस मात्र इंग्लंडमधल्या माणसाच्या तुलनेत कितीतरी कमी कर भरत होता. 'सैन्य त्यांच्या रक्षणासाठी आहे, तर थोडा भार त्यांनीही उचलावा,' असं पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल म्हणाला. हे म्हणणं मुळीच वेडगळ नव्हतं. विद्यार्थ्यांना मी आधी ग्रेनव्हिलची बाजू मांडायला लावतो. ती समजली नाही तर पुढचं सगळं 'दुष्ट राजा विरुद्ध शूर जनता' एवढंच उरतं.

वसाहतींची बाजू समजायला त्यांचा रोजचा कारभार पाहावा लागतो. प्रत्येक वसाहतीत निवडून आलेली विधानसभा होती. मत फक्त मालमत्ता असलेल्या पुरुषांना, पण तिथे जमीन मुबलक असल्यामुळे असे पुरुष इंग्लंडपेक्षा प्रमाणाने बरेच जास्त होते. स्थानिक कर हीच सभा ठरवायची. बहुतेक ठिकाणी गव्हर्नरचा पगारसुद्धा हीच सभा मंजूर करायची, म्हणून राजाने नेमलेला गव्हर्नरही तिला सांभाळून असायचा. तिजोरीची किल्ली आपल्याकडे, हे तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. पार्लमेंट व्यापाराचे नियम करायचं, जकात लावायचं, पण वसुलीच्या नावाने आनंद होता. १७३३ च्या कायद्याने परदेशी काकवीवर गॅलनला सहा पेनी जकात होती. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या वसाहतींतल्या, रमच्या भट्ट्यांना फ्रेंच बेटांवरची स्वस्त काकवी हवी असायची. व्यापारी जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडे पैसे ठेवायचे आणि जहाज रिकामं करायचे. कायदा कागदावर, व्यापार आपल्या वाटेने.

ग्रेनव्हिलने १७६४ मध्ये हीच जकात सहावरून तीन पेनीवर आणली. म्हणजे कर कमी केला! तरी ओरड झाली, कारण आता तो खरोखर वसूल होणार होता. नौदलाची जहाजं किनाऱ्यावर गस्त घालू लागली, मालाच्या प्रत्येक खेपेची कागदपत्रं तपासली जाऊ लागली. तस्करीचा खटला आता दूर नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सच्या नौदल न्यायालयात जाऊ शकत होता. तिथे ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारं सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, नव्हती आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार बऱ्याच अंशी व्यापाऱ्यावरच होता. बॉस्टनच्या व्यापाऱ्याला बॉस्टनच्या ज्यूरीसमोर उभं राहण्याची सवय होती. ती ज्यूरी शेजाऱ्यांची असायची आणि शेजाऱ्याला क्वचितच दोषी ठरवायची. त्याच वर्षी वसाहतींच्या कागदी चलनावर निर्बंध आले. युद्धानंतर धंदा मंदावलेला असताना हातातला पैसाही आटला. ॲपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करू नये, असा राजाचा जाहीरनामा १७६३ मध्येच निघाला होता. मूळ रहिवाशांशी सतत लढाया होऊ नयेत हा त्यामागचा हेतू. पण पश्चिमेकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्या व्हर्जिनियाच्या बड्या मळेवाल्यांना तो झोंबला. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांच्यातलाच एक.

मग आला स्टॅम्प कायदा. २२ मार्च १७६५ रोजी मंजूर, अंमल १ नोव्हेंबरपासून. वर्तमानपत्रं, पत्रकं, पंचांगं, कोर्टाचे दस्तऐवज, खरेदीखतं, खानावळींचे परवाने, पदव्यांची प्रमाणपत्रं, अगदी पत्ते आणि फासेसुद्धा सरकारी शिक्क्याचेच लागणार, आणि पैसे ब्रिटिश चलनात मोजायचे. इंग्लंडमध्ये असा कर जुनाच होता, म्हणून पार्लमेंटमध्ये फारशी चर्चाही झाली नाही. पार्लमेंटच्या निवडून आलेल्या कॉमन्स सभेत २४५ विरुद्ध ४९ मतांनी विधेयक सहज पुढे गेलं. लंडनमध्ये पेनसिल्व्हेनियाचं वकीलपत्र सांभाळणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनलाही वादळाची कल्पना आली नव्हती. फिलाडेल्फियातल्या स्टॅम्प वाटपाच्या नोकरीसाठी त्याने आपल्याच एका मित्राचं नाव सुचवलं.

हा कर नेमका कोणाला लागला ते पाहा. वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळवाले. म्हणजे जे लिहितात, जे छापतात, जे कोर्टात भांडतात आणि ज्यांच्या जागेत लोक संध्याकाळी जमून बोलतात, ते सगळे. एखाद्या सरकारने आपल्या विरोधकांना एकत्र आणण्यासाठी कर आखायचा म्हटलं असतं, तरी याहून अचूक आखता आला नसता.

व्हर्जिनियाच्या सभेत मेच्या अखेरीस पॅट्रिक हेन्रीने ठराव मांडले, की व्हर्जिनियाच्या लोकांवर कर बसवण्याचा अधिकार फक्त त्यांच्या सभेचा. त्यातले काही सभेने स्वीकारले, काही नाही. वर्तमानपत्रांनी मात्र न स्वीकारलेले जहाल ठरावही छापले, आणि इतर वसाहतींना वाटलं, व्हर्जिनिया एवढी पुढे गेली! बॉस्टनमध्ये १४ ऑगस्टला स्टॅम्प वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा एका एल्मच्या झाडाला टांगला गेला. जमावाचं नेतृत्व एबेनेझर मॅकिंटॉश नावाच्या चांभाराकडे होतं. ऑलिव्हरने पद सोडलं. २६ ऑगस्टला जमावाने नायब गव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर अक्षरशः उद्ध्वस्त केलं. हचिन्सन खाजगीत या कायद्याच्या विरोधात होता, तरीही. शहरातल्या प्रतिष्ठितांनाही या दिवशी धास्ती वाटली. पुढची दहा वर्षं सॅम्युएल ॲडम्ससारखे पुढारी रस्त्यावरच्या रागाला वाट देत आणि त्याच वेळी आवरतही होते. हे त्यांचं कौशल्य शाळेतल्या पुस्तकांत क्वचितच येतं.

ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे २७ प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. याआधी वसाहतींची तोंडं लंडनकडे असायची. शेजारच्या वसाहतीशी सीमेवरून भांडण आणि व्यापारात चुरस, एवढाच संबंध. आता त्यांनी एकत्र बसून एक मसुदा केला. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागवायचा नाही असं ठरवलं, मग फिलाडेल्फिया आणि बॉस्टननेही. १ नोव्हेंबर उजाडला तेव्हा पुढे बंड करणाऱ्या तेरा वसाहतींपैकी एकट्या जॉर्जियात थोडेफार स्टॅम्प विकले गेले. बाकीकडे वाटप करायला माणूसच उरला नव्हता.

प्रतिनिधित्वाचा वाद काय होता, तोही पाहू. ग्रेनव्हिलचे लोक म्हणत: मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही पार्लमेंटमध्ये स्वतंत्र सदस्य नाही, तरी तिथले लोक कर भरतातच. प्रत्येक सदस्य सगळ्या ब्रिटिश प्रजेचा विचार करतो. मेरीलँडचा वकील डॅनियल ड्युलेनी याने याचं नेमकं उत्तर दिलं. मँचेस्टरच्या माणसावर कर बसला तर तो बसवणाऱ्या सदस्यालाही भरावा लागतो, दोघांचं हित एकमेकांत गुंतलेलं असतं. अमेरिकेवर बसवलेला कर मात्र बसवणाऱ्याचा भार हलका करतो. वजन जितकं तिकडे टाकाल तितकं इकडचं कमी. हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. परीक्षेत 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' एवढी घोषणा लिहून थांबू नका, हा युक्तिवाद लिहा.

बहिष्काराने ब्रिटिश व्यापाऱ्यांचं नुकसान होऊ लागलं आणि त्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केले. फेब्रुवारी १७६६ मध्ये फ्रँकलिनची कॉमन्स सभेत साक्ष झाली. १८ मार्चला कायदा रद्द. अमेरिकेत रोषणाई झाली, राजाच्या नावाने प्याले उंचावले गेले. पण त्याच दिवशी दुसरा एक कायदा झाला होता: वसाहतींना बांधून ठेवणारे कायदे 'सर्व बाबतींत' करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे, असं सांगणारा. आनंदाच्या भरात तिकडे फार कोणी लक्ष दिलं नाही. पार्लमेंटने पैसा सोडला, अधिकार सोडला नाही. वसाहतींनी धडा घेतला तो वेगळाच: माल अडवला की लंडन वाकतं.

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात लावली. वसाहतींना अंतर्गत कर नको असतात, बंदरातली जकात चालते, असं फ्रँकलिनच्या साक्षीतून निघत होतं. टाउनशेंडने तोच धागा पकडला. रक्कम किरकोळ, पण या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार थेट द्यायचे होते. म्हणजे विधानसभेच्या हातातली किल्लीच काढून घ्यायची. कराचा आकडा न पाहता त्याचा विनियोग पाहिला, की लोक का भडकले ते कळतं.

या वेळचा बहिष्कार घराघरांत गेला. ब्रिटिश कापड नको म्हटल्यावर सूत कोण कातणार? बायकांनीच. न्यू इंग्लंडच्या गावांत धर्मगुरूच्या घरी चरखे घेऊन जमायचं, दिवसभर कातायचं, सूत तिथेच ठेवून जायचं, असे मेळावे झाले आणि त्यांच्या बातम्या छापून आल्या. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांनी चहा सोडणं, घरचं जाडंभरडं नेसणं, हे उघड राजकीय कृत्य ठरलं. १७७४ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या इडन्टन गावच्या ५१ स्त्रियांनी तर बहिष्काराच्या जाहीरनाम्यावर आपली नावं घालून सह्या केल्या. पुढे आपल्याकडे सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताचे कपडे घालून जाणं पसंत केलं. त्यांनी अमेरिकेची नक्कल केली असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हाती सत्ता नाही त्याने आपल्या अंगावरच्या कपड्यातून बोलायचं, हा मार्ग दोन्हीकडच्या लोकांना सापडला होता.

जकात मंडळाचं मुख्यालय बॉस्टनमध्ये थाटलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांना मारहाण होऊ लागली, तेव्हा १ ऑक्टोबर १७६८ ला तिथे सैन्य उतरलं. सुमारे १६,००० वस्तीच्या गावात लाल डगलेवाले शिपाई चौकाचौकांत उभे. पगार तुटपुंजा, म्हणून रिकाम्या वेळात ते गोदीत आणि दोरखंडाच्या कारखान्यात कमी मजुरीवर कामं करायचे. स्थानिक मजुरांशी मारामाऱ्या ठरलेल्याच. ५ मार्च १७७० च्या रात्री जमावाने बर्फाचे गोळे आणि दांडकी फेकली, शिपायांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. त्यांच्यात क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचा खलाशी होता. शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सने, म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाने. कप्तान आणि सहा शिपाई सुटले, दोघांवर सौम्य गुन्हा शाबीत झाला. योगायोग असा, की त्याच ५ मार्चला लंडनमध्ये नवा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंडच्या जकाती उठवण्याचा प्रस्ताव मांडत होता. सगळ्या उठल्या, एक सोडून. चहावरची, पौंडाला तीन पेनी. अधिकाराची खूण म्हणून तेवढी राहू दिली.

मधली दोन-तीन वर्षं शांततेत गेली. व्यापार पूर्ववत झाला, लोक आपापल्या कामाला लागले. हा संघर्ष अटळ होता असं मानणाऱ्यांनी ही वर्षं जरूर पाहावीत. बॉस्टनमध्ये सॅम्युएल ॲडम्सने नोव्हेंबर १७७२ मध्ये गावसभेकडून एक पत्रव्यवहार समिती मात्र नेमून घेतली. तिने गावोगावी पत्रं धाडली, गावांनी आपापल्या समित्या नेमून उत्तरं पाठवली. ज्या शेतकऱ्यांचा जकातीशी काही संबंध नव्हता, ते आपल्या हक्कांचे ठराव करू लागले. पुढच्या सगळ्या घडामोडींचं मूळ मला या पत्रांत दिसतं.

आणि इथे आपला बंगाल येतो. ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळवली, तरी नोकरांची लूट, युद्धांचा खर्च आणि भागधारकांना वाटलेला फुगीर लाभांश यांनी ती कर्जात बुडाली. १७६९-७० च्या भीषण दुष्काळात लाखो माणसं मेली आणि कंपनी सारा वसूल करत राहिली. १७७२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली. लंडनच्या गोदामांत कोट्यवधी पौंड चहा पडून होता. (हा चहा चीनचा, कॅन्टनहून आलेला. आसामच्या मळ्यांना अजून अनेक दशकं अवकाश होता.) सरकारने १७७३ मध्ये कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, रेग्युलेटिंग ॲक्टने तिच्यावर देखरेख आणली, आणि चहाचा कायदा करून तिला अमेरिकेत थेट आपल्या नेमलेल्या अडत्यांमार्फत चहा विकण्याची सवलत दिली. रेग्युलेटिंग ॲक्ट आपण भारताच्या इतिहासात शिकतो आणि चहाचा कायदा अमेरिकेच्या. दोन्ही एकाच दिवाळखोरीची अपत्यं आहेत, हे दोन वेगळ्या धड्यांत हरवून जातं.

या कायद्याने चहा महागला नाही, उलट स्वस्त झाला. डच चहाची तस्करी करणाऱ्यांचा धंदा बसणार होता आणि सरळमार्गी व्यापाऱ्यांचाही, कारण विक्री फक्त निवडक अडत्यांकडे. बॉस्टनच्या अडत्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते, आणि हचिन्सन आता गव्हर्नर झाला होता. शिवाय स्वस्त चहा घेतला की तीन पेनी कर मान्य केल्यासारखंच होणार होतं. याच सुमारास कंपनीने बंगालमध्ये काय केलं याच्या कहाण्या अमेरिकी पत्रकांत छापून येत होत्या. धान्याचा मक्ता घेऊन माणसं उपाशी मारणारी कंपनी आता आपल्या दारात आली आहे, असा इशारा त्यांत होता. बंगालच्या दुष्काळाचा पडसाद अशा रीतीने बॉस्टनच्या बंदरात उमटला.

'डार्टमाउथ' हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला आलं. कायद्याप्रमाणे वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात अधिकारी माल जप्त करणार, म्हणजे चहा किनाऱ्यावर येणारच. लोकांची मागणी जहाज परत पाठवा अशी, आणि हचिन्सन परवाना द्यायला तयार नाही. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या अडत्यांनी दबावापुढे कामं सोडली होती, फिलाडेल्फियाचं जहाज तसंच मागे फिरलं. बॉस्टनमध्येच गाठ बसली ती हचिन्सनच्या हट्टाने. १६ डिसेंबर १७७३ ला ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक जमले. गव्हर्नरचा शेवटचा नकार आला आणि मोहॉक आदिवासींचा वेष केलेली माणसं धक्क्याकडे निघाली. तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात ओतला. इतर कशाला हात लावला नाही. कंपनीच्या हिशेबाने नुकसान ९,६५९ पौंडांचं.

आतापर्यंतच्या सगळ्या टप्प्यांवर मागे फिरायला वाट होती. लॉर्ड नॉर्थच्या सरकारने १७७४ मध्ये जे केलं त्याने ती बंद झाली. चहाची भरपाई होईपर्यंत बॉस्टनचं बंदर १ जूनपासून बंद, म्हणजे दोषी-निर्दोषी सगळ्यांच्या पोटावर पाय. त्याहून गंभीर दुसरा कायदा: मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. वरिष्ठ मंडळ राजा नेमणार, गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच, ज्यूरी शेरीफ निवडणार. चहाशी ज्यांचा संबंध नव्हता अशा खेड्यांतल्या प्रत्येक माणसाचा रोजचा अधिकार गेला.

शाळेच्या पुस्तकात न सापडणारा आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग इथे घडला. ६ सप्टेंबर १७७४ ला वुस्टर गावात न्यायालयाचं सत्र भरणार होतं. आसपासच्या गावांतून साडेचार हजारांहून अधिक पुरुष आपापल्या तुकड्या करून आले आणि न्यायालय अडवून उभे राहिले. राजाने नेमलेल्या न्यायाधीशांना आणि अधिकाऱ्यांना हातात टोपी धरून, दुतर्फा उभ्या रांगांमधून चालावं लागलं, आणि नव्या कायद्याखाली काम करणार नाही हे पुन्हा पुन्हा वाचून दाखवावं लागलं. एकही गोळी झाडली गेली नाही. बॉस्टनबाहेर जवळपास सगळीकडे न्यायालयं अशीच बंद पडली. युद्धाची पहिली गोळी जिथे सुटली त्या लेक्सिंग्टनच्या गोळीबाराला अजून सात महिने होते आणि एका वसाहतीतलं राज्य बदललंही होतं.

इतर वसाहतींनी बॉस्टनला एकटं सोडलं नाही. कनेक्टिकटहून मेंढ्यांचे कळप आले, दक्षिण कॅरोलायनाहून तांदूळ. आज त्यांची सनद गेली, उद्या आपली जाईल, हे सगळ्यांना दिसत होतं. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, भरली, फक्त जॉर्जिया नव्हती. स्वातंत्र्य मागायला तिथे जवळजवळ कोणी आलं नव्हतं. पण त्यांनी १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालावर बंदीचा सामाईक करार केला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला प्रत्येक परगण्यात, शहरात, गावात समिती निवडायला सांगितलं. या समित्या व्यापाऱ्यांच्या वह्या तपासायच्या, करार मोडणाऱ्याची नावं छापायच्या, मालाच्या चढ्या भावांवर नजर ठेवायच्या. हजारो सामान्य माणसं, ज्यांनी कधी पद पाहिलं नव्हतं, ती राज्य चालवायला शिकली. पुढच्या वर्षी ब्रिटनमधून येणारा माल ९० टक्क्यांहून अधिक घटला. या समित्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. राजनिष्ठ शेजाऱ्यांना धमक्या, अंगाला डांबर फासून पिसं चिकटवणं, घरावर हल्ले असे प्रकार सर्रास झाले. युद्ध संपल्यावर सुमारे ६०,००० राजनिष्ठांना देश सोडावा लागला.

१९ एप्रिल १७७५ ला बॉस्टनमधला ब्रिटिश सेनापती जनरल गेज याचे शिपाई काँकॉर्डमधला दारूगोळा जप्त करायला निघाले. लेक्सिंग्टनला गोळीबार झाला आणि परतीच्या वाटेवर गावागावांतल्या तुकड्यांनी त्यांना बॉस्टनपर्यंत हैराण केलं. तरीही काँग्रेसने जुलैमध्ये राजाला समेटाचा अर्ज पाठवला. तिसऱ्या जॉर्जने तो स्वीकारलाच नाही, ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवलं आणि डिसेंबरमध्ये पार्लमेंटने त्यांचा सगळा व्यापार बंद केला. तोवर लोकांचं भांडण पार्लमेंटशी होतं, राजावर विश्वास होता. तो विश्वास याच महिन्यांत संपला. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनच्या छोट्या पुस्तिकेने राजेशाहीच नको असं साध्या भाषेत सांगितलं, तेव्हा ऐकायला लोक तयार होते. २ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं, ४ जुलैला जाहीरनामा मंजूर केला. त्यात राजाविरुद्ध तक्रारींची लांब यादी आहे. संमतीवाचून कर लादल्याची तक्रार त्या यादीत अर्ध्याहून खाली येते. वर आहेत विधानसभा बरखास्त करणं, न्यायाधीशांना मुठीत ठेवणं, शांततेच्या काळात सैन्य ठेवणं. प्रश्नकर्त्याने जाहीरनामा उघडून हा क्रम एकदा स्वतः पाहावा.

कर सगळ्यांवर होता, मग बंड सगळ्यांनी का केलं नाही? कॅरिबियन बेटांवरच्या जमैका आणि बार्बाडोस या ब्रिटिश वसाहतींनी स्टॅम्पचा कर भरला. तिथे गुलामांची संख्या गोऱ्यांच्या कित्येक पट होती आणि मळेवाल्यांना ब्रिटिश सैन्याशिवाय झोप येत नव्हती. क्वेबेकही बंडात आलं नाही. खुद्द तेरा वसाहतींतही 'आम्ही गुलाम नाही' असं लिहिणाऱ्यांपैकी अनेकांच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये बंडखोरांच्या गुलामांना राजाच्या सैन्यात आल्यास स्वातंत्र्य देऊ केलं, तेव्हा शेकडो जण धावले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य ब्रिटिशांच्या बाजूला होतं. ही विसंगती लपवून हा इतिहास शिकवता येत नाही.

युद्धाचा तपशील इथे नको. साराटोगाच्या विजयानंतर १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला आणि भांडण जगभर पसरलं. पुण्यात १७७७ पासून सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील नाना फडणवीसांच्या दरबारी होता. फ्रेंच आणि मराठे एक होतील या भीतीने वॉरन हेस्टिंग्जने बंगालहून जमिनीवरून फौज पाठवली. १७७५ ते १७८२ चं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आणि अमेरिकेचं युद्ध एकाच काळात चाललं, आणि इंग्रजांचं बळ दोन्हीकडे विभागलं गेलं. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, आणि १७९३ मध्ये त्याने बंगालमध्ये जमीन महसुलाची कायमधारा पद्धत आणली.

शेवटी एक पुरवणी, कारण हा उपप्रश्न हमखास येतो: स्वतंत्र झाल्यावर अमेरिकी लोकांनी कर निमूटपणे भरले का? नाही. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी, ज्यांत युद्धात लढलेले सैनिक होते, कर आणि जप्तीविरुद्ध पुन्हा न्यायालयं अडवली. १७९१ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या आग्रहाने व्हिस्कीवर अबकारी कर बसला, तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियात वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासण्यात आलं, त्यांची घरं जाळली गेली. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे १३,००० सैनिकांची जमवाजमव करून स्वतः निघाला. बंड विरलं, पण कर तिथल्या शेतकऱ्यांना नकोच होता. त्यांनी पुढे विरोधी पक्षाला मतं दिली, १८०० च्या निवडणुकीत सत्ता बदलली आणि १८०२ मध्ये काँग्रेसने तो कर रद्द केला.